व्यक्ती तीनची सहा मिनिटं

बाबांनी चिमीच्या अहवालाच्या तीस प्रती छापून आणल्या, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता. पण त्या घरात बाबांचा उत्साह आणि काकांचा राग या दोन गोष्टींच्या वाटेला शहाणं माणूस जात नसे. गडद निळं जाड कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि आत पहिल्याच पानावर एकच ओळ : 'माझ्या घरच्यांना'. बाबांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून डोळे पुसले आणि अहवाल मिटला. पुढची बावन्न पानं वाचायची त्यांना गरजच वाटली नाही. लेकीनं लिहिलंय, विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिलं आलंय, म्हणजे सोन्यासारखंच असणार. एक प्रत त्यांनी काकांना दिली आणि एक काकूंना वेगळी, म्हणजे नवराबायकोत ओढाताण नको. काही दुकानदारांना दिल्या, शिवणाऱ्या बायकांना दिल्या, कापडाच्या व्यापाऱ्याला तर टपालानं पाठवली. पहिली प्रत मात्र त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या टेबलावर नेऊन ठेवली होती, दोन्ही हातांनी.

आत्यानं ती दोन दिवसांत वाचली, अक्षर न् अक्षर. मग टेबलाच्या खणात ठेवून दिली आणि त्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नाही.

रविवारी दुपारी चिमी बसमधून उतरून घरी आली, तेव्हा पाच तासांच्या प्रवासात मान वाकडी करून झोपल्यामुळे तिच्या गालावर खिडकीच्या रबराचा वळ उठला होता. आईनं दार उघडलं आणि आधी तो वळ पाहिला, मग डोळ्यांखालची वर्तुळं.

"काय गं हे? अभ्यास करतेस की दगड फोडतेस?"

"दोन्ही," चिमी म्हणाली. "सगळे वर आहेत का?"

"खाली. कारखान्यात. कापायच्या टेबलाभोवती बसलेत. काकांनी सभा बोलावलीय." आईनं आवाज खाली आणला. "त्यांनी अहवाल वाचलाय. म्हणजे एकेचाळिसाव्या पानापर्यंत."

चिमीनं डोळे मिटले. एकेचाळिसावं पान तिला पाठ होतं. तिथेच व्यक्ती तीन येते.

व्यक्ती तीन म्हणजे आत्या. अहवालात खरी नावं घालायची नसतात, म्हणून तिनं सगळ्यांना आकडे दिले होते आणि त्यात फार मोठी खबरदारी घेतली असं तिला तेव्हा वाटलं होतं. पण सात शिलाई मशिनं आणि तीन टेबलं एवढ्या कारखान्यात कोण कितवी व्यक्ती हे ओळखायला काय ज्योतिषी लागतो? अहवाल परीक्षकांसाठी लिहिला होता. तो घरी येईल, आणि तोही सोनेरी अक्षरांत येईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. प्रती वाटून झाल्यावर बाबांनी फोन केला होता. "तुम्ही वाचलात का तो?" असं तिनं विचारलं तर ते म्हणाले, "त्यात वाचायचं काय? तू हुशार आहेस हे मला माहितीये."

ती जिना उतरू लागली. घर वर, कारखाना खाली, त्यामुळे लहानपणापासून तिला झोपेतही मशिनांचा आवाज ऐकायची सवय. आज रविवार म्हणून मशिनं बंद होती, त्यांच्यावर कापडं पांघरलेली होती. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला आत्याचं तपासणीचं टेबल. त्याच्यामागे नेहमीसारखा बॅगांचा ढीग, शाळेच्या, ऑफिसच्या, प्रवासाच्या. भिंतीतल्या खिळ्याला दोन रिळं लटकत होती, एक पांढऱ्या दोऱ्याचं, एक लाल. आत्या प्रत्येक बॅग उलटी करून अस्तरात हात घाली, पट्टे ओढून बघे, चेन तीनदा लावून काढी, आणि मग बॅगेच्या मुठीला दोरा बांधी. पांढरा असला तर बॅग बांधणीला, म्हणजे खोक्यांत भरायला, जायची. लाल असला तर जिनं शिवली तिच्याकडे परत. लाल दोरा म्हणजे बॅग टाकाऊ असं कुणी मानत नसे. काम राहिलंय, एवढंच. ज्या हातानं चूक झाली त्यानंच उसवायचं, नीट करायचं, आणि दोराही त्यानंच कापायचा. दुसऱ्याचा लाल दोरा कापायला कारखान्यात कुणालाच परवानगी नव्हती. आजोबा होते तेव्हा त्यांनाही नव्हती.

"या, विद्वान!" काका म्हणाले. "आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

कापायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला काका, त्यांच्या शेजारी काकू. समोर बाबा, नवा शर्ट घालून. आत्या थोडी लांब, आपल्याच टेबलाच्या स्टुलावर, पाठीला भिंत लावून. चिमीनं तिच्याकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली, "आलीस?" एवढ्याच अर्थानं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

"आधी पोरीला पाणी तरी घेऊ दे," बाबा म्हणाले. ते खूश होते. त्यांना ही सभा सत्काराची वाटत होती. टेबलावर त्यांनी विद्यापीठाचा अर्ज मांडून ठेवला होता, वर पेन. व्यवसायशास्त्राच्या मुलांना शेवटचं सत्र एखाद्या चालू धंद्यात काम करून पुरं करता येई. त्यासाठी धंद्याच्या मालकाची सही लागे, आणि अर्ज सोमवारी दुपारच्या आत विद्यापीठात पोचायला हवा होता. चिमीनं हे सत्र घरच्या कारखान्यातच करायचं, आणि मग इथेच राहायचं, हे बाबांनी तीन वर्षांपूर्वी, ती पहिल्या वर्षात जाण्याआधीच ठरवून टाकलं होतं. अडचण एकच. कागदोपत्री मालक आत्या होती. दोघा भावांची कटकट ऐकून कंटाळलेल्या आजोबांनी जाण्यापूर्वी कारखाना तिच्या नावावर केला होता, म्हणजे दोघांनाही निदान एकीला विचारावं लागेल. तेव्हापासून दोघेही तिला विचारत होते आणि मनातून कुढत होते.

"वाचू का?" काकांनी अहवाल उघडला. खुणेसाठी त्यांनी कापडाची चिंधी घातली होती. "'व्यक्ती तीन एका बॅगेच्या तपासणीस सरासरी सहा मिनिटं घेते. तयार माल तिच्या टेबलाशी दोन-दोन दिवस पडून राहतो. व्यक्ती तीन ही उत्पादनाच्या वाटेतील मुख्य अडसर आहे. हे टेबल बंद करून वीस बॅगांमागे एक बॅग तपासावी, अशी शिफारस आहे.'"

चिमीच्या मागोमाग खाली आलेली आई एका मशिनच्या कडेवरून उगाच अंगठा फिरवत राहिली.

"तीन म्हणजे कुणीही असू शकतं," बाबा चाचरत म्हणाले.

"दादा, तपासणीचं टेबल एकच आहे आपल्याकडे."

"मी काही बोलत नाही हं," काकू म्हणाल्या, "पण बांधणीला मी बसते, मला माहितीये. सतरा वर्षं मी हेच सांगतेय. दुकानदार दारात उभा, आणि ताईंची चेन लावणं-काढणं चालूच. आता विद्यापीठानंच शिक्का मारलाय म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

"मी तसं नाही म्हटलेलं, काकू," चिमी म्हणाली. आवाज तिचा तिलाच दुरून आल्यासारखा वाटला. गेल्या आठवड्यात ती रोज चार तास झोपली होती.

"तसंच म्हटलंयस. आणि चांगलं म्हटलंयस. आम्हाला जे तोंडावर बोलता आलं नाही ते तू लिहून दाखवलंस."

काकांनी समाधानानं अहवाल मिटला. तेवढ्यात आई, जी अशा सभांत कधी तोंड उघडत नसे, शांतपणे म्हणाली, "भावोजी, पुढची पानंही वाचा की."

"पुढे काय आहे?"

"चव्वेचाळीस."

काकांनी चव्वेचाळिसावं पान काढलं आणि मोठ्यानं सुरू केलं, कारण सुरू करताना त्यांना माहीत नव्हतं. "'कापड ज्यांवरून कापतात ते पुठ्ठे व्यक्ती दोन दर मोसमात नव्याने बनवते. मापं कुठेही लिहिलेली नाहीत, ती फक्त तिच्या डोक्यात आहेत. व्यक्ती दोन आजारी पडल्यास किंवा...'" ते थांबले. "'किंवा रुसल्यास संपूर्ण कारखाना थांबतो.'"

"'रुसल्यास' असं लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

"लिहिलंय," काका म्हणाले. कान लाल झाले होते.

बाबा हसू दाबत होते, पण ते फार काळ टिकलं नाही. "आता सत्तेचाळीस," आई म्हणाली. या वेळी काकांनी अहवाल भावापुढे सरकवला. "दादा, तूच वाच. मोठ्यानं."

बाबांनी चष्मा लावला. "'व्यक्ती एक विक्री पाहते. ती दुकानदारांना माल देण्याच्या तारखा कारखान्यात कुणालाही न विचारता देते. तीन महिन्यांत दिलेल्या बावीस तारखांपैकी एकही पाळली गेली नाही. शिफारस : तारीख देण्यापूर्वी विचारून सांगतो असे म्हणावे.'" त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग केविलवाण्या आवाजात म्हणाले, "मी आठ दुकानदारांना प्रती दिल्यात."

हे ऐकून आत्या हसली. मोठ्यानं नव्हे, नाकातून. पण त्या घरात आत्याचं हसू म्हणजे दुष्काळातला पाऊस, सगळ्यांनी माना वळवल्या.

त्यानंतर मात्र वारं फिरलं. जे मघाशी एकमेकांवर धावून जाणार होते, त्यांना अचानक एकमेकांचा पुळका आला. काका म्हणाले, दादानं तारखा दिल्या नसत्या तर गिऱ्हाईक आलं असतं का? बाबा म्हणाले, याचे पुठ्ठे याच्या डोक्यात आहेत म्हणून तर कुणाला आपली बॅग चोरता येत नाही. आणि काकू, ज्या सतरा वर्षं सांगत होत्या, त्या म्हणाल्या, "ताईंच्या टेबलावरच तर आपलं नाव उभं आहे!" सगळे मिळून आता चिमीकडे बघत होते.

"तीन वर्षं शिकायला पाठवलं ते यासाठी?" काका म्हणाले. "घरातल्यांना आकडे लावायला?"

"काका, तो अभ्यास होता. माणसांवर नव्हता, कामावर होता."

"काम कोण करतं? भुतं?"

विद्यापीठात कुणी असं विचारलं असतं तर चिमीनं लगेच उत्तर दिलं असतं. तिथे ती वादसभेत उभी राहून समोरच्याला तीन मिनिटांत गारद करत असे. ती उद्योजक मंडळाची सचिव होती, पहिल्या वर्षाच्या सुट्टीत फरशांच्या दुकानात उमेदवारीला गेली होती, सकाळी सहाला परदेशी भाषेच्या वर्गाला जात होती, आणि वार्षिक मेळाव्याला तिनं तीन दिवस खुर्च्या मोजल्या होत्या. वर, घराच्या बैठकीत, बाबांनी तिची अकरा प्रमाणपत्रं चौकटीत लावली होती. ती निघाली त्या दिवशी आजोबा आजारी होते, अंथरुणातूनच म्हणाले होते, "विद्यापीठात जातेयस ना? मग पुरेपूर घे. ताटात काही टाकू नकोस." ते वाक्य तिनं इतकं मनावर घेतलं की तीन वर्षांत ताटात जे पडेल ते ती गिळत गेली. चव कशाची कशी होती, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि आता तिला फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं, इथेच, या टेबलाखाली, कापडाच्या तुकड्यांवर लहानपणी झोपायची तशी.

"जाऊ दे, झालं ते झालं," बाबांनी हात झटकले. दु:ख फार वेळ धरून ठेवणं त्यांना जमत नसे. "चुका सापडल्यात ना? मग आता सुधारू. तिलाच सुधारू दे. ताई, सही कर. ही सहा महिने इथे राहील, सगळं मार्गी लावेल, मग कायमचीच आहे. पाचच्या बसनं परत जाऊन उद्या अर्ज देईल."

आत्या स्टुलावरून उठली नाही. "चिमे," ती म्हणाली, "फोनमध्ये घड्याळ आहे ना तुझ्या? ते मोजायचं?"

"आहे."

"लाव."

तिनं ढिगातून एक बॅग ओढली. उलटी केली, अस्तरात हात घातला, चारही कोपरे चाचपले. पट्टे ओढले. चेन तीनदा. उजेडाकडे धरून शिवण बघितली. पांढरा दोरा बांधून कापला. "किती?"

"एक मिनिट बावन्न सेकंद."

आत्यानं दुसरी घेतली. तेच सगळं पुन्हा. "किती?"

"दोन मिनिटं पाच."

तिसरीला लाल दोरा लागला, आतल्या खिशाचं टोक सुटलं होतं. तीही दोन मिनिटांच्या आतच. आत्यानं रीळ खिळ्याला अडकवलं.

"तुझ्या अहवालात सहा आहेत."

चिमी फोनकडे बघत राहिली. "मी उन्हाळ्यात तीनशे बॅगा मोजल्या होत्या, आत्या. रोज तुझ्या शेजारी बसून. सरासरी सहाच येत होती."

"येणारच. तू शेजारी बसली होतीस ना." आत्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मला वाटलं, पोर काम शिकायला बसलीय. म्हणून प्रत्येक बॅगेला तुला दाखवत होते, हा टाका कसा घसरतो, अस्तर कुठे फसवतं, चेनीचा दात कसा ओळखायचा. तू मान डोलवत होतीस. हातात ते घड्याळ होतं, पण मला वाटलं, आजकालच्या मुलांच्या हातात काहीतरी असतंच. माझ्या सहा मिनिटांतली चार तुझी होती गं."

चिमीला तो उन्हाळा आठवला. डाव्या हातात घड्याळ, मांडीवर वही, आणि वहीखाली वादसभेचं भाषण, जे ती आत्या बोलत असताना मनातल्या मनात पाठ करत होती. आत्याचा आवाज तिला ऐकू येत होता, शब्द येत नव्हते. आत्या शिकवत होती आणि ती तिच्या शिकवण्याचा वेळ तिच्याच नावावर दोष म्हणून मांडत होती. मोजणी चुकली याची लाज होतीच. पण त्याहून जास्त लाज याची वाटली, की तीनशे बॅगांमध्ये आपण एकदाही वर बघितलं नाही.

"म्हणजे बक्षीस चुकून मिळालं?" बाबांनी विचारलं.

"मॅडमना कळलं होतं," चिमी हळूच म्हणाली.

"कोण मॅडम?"

"संख्याशास्त्राच्या. मूळ प्रतीवर त्यांनी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'मोजताना तू कुठे बसली होतीस?' मला वाटलं, सहज विचारलंय. उत्तर द्यायला वेळच झाला नाही."

"काय करत होतीस, वेळ नव्हता म्हणजे?" आत्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हात पुढे केला. "तुझी बॅग आण इकडे."

ती बॅग याच कारखान्यातली, राखाडी, दोन पट्ट्यांची. पहिल्या वर्षाला जाताना आत्यानंच तपासून दिलेली. मुठीत पांढऱ्या दोऱ्याचा मळका तुकडा अजून होता. आत्यानं सवयीनं ती टेबलावर उलटी केली. मंडळांचे बिल्ले पडले, सात-आठ. डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पाकिटं तीन. एक मोजा. ग्रंथालयाचं पुस्तक, मुदत संपून गेलेलं. तो पेन्सिलीचा शेरा असलेला मूळ अहवाल. आणि अस्तराच्या खिशातून एक रंगीत लिफाफा निघाला, बंदच.

"हे काय?"

"खोलीतल्या मैत्रिणीनं दिलं होतं. तिच्या वाढदिवसाचं आमंत्रण."

"एकाच खोलीत राहता, आणि पत्र द्यावं लागतं?"

"मी खोलीत नसतेच, आत्या."

"गेलीस का वाढदिवसाला?"

"त्या दिवशी स्पर्धा होती."

"तिचं गाव कुठलं? भावंडं किती?"

चिमीनं आठवून बघितलं. तीन वर्षं. तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबवायचेही कष्ट तिला नको झाले. आई पुढे आली, पण आत्यानं हातानंच तिला थांबवलं.

"तुला काय हवंय, चिमे? बाबांना काय हवंय ते या कागदावर आहे. तुला?"

"झोप," चिमी म्हणाली. सगळे हसले, तीही रडता रडता हसली. मग म्हणाली, "मॅडमनी सुचवलं होतं, शेवटचं सत्र माझ्याकडे कर, हाच अभ्यास पुन्हा नीट करू, एकच विषय घे, बाकी सगळं सोड. मी नाही म्हटलं. म्हटलं, घरी वाट बघतायत."

"आम्ही वाट बघतोच आहोत!" बाबा म्हणाले. "त्यात चूक काय आहे? तीन वर्षं बघतोय. कारखाना कुणासाठी चालवतोय मी?"

तो आवाज रागाचा नव्हता, थकल्याचा होता. बाबांचेही केस या तीन वर्षांत किती पांढरे झाले होते ते चिमीला आत्ताच दिसलं. रोज दुकानांची पायपीट, रोज नवी खोटी तारीख. तिला वाटलं, अर्ज घ्यावा, सही घ्यावी आणि या माणसाच्या हातातलं ओझं कमी करावं. तिनं हात पुढेही केला. पण तिच्या आधी आत्यानं तो अर्ज उचलला, नीट घडी घातली आणि खणात टाकला.

"मी सही करत नाही."

"ताई!"

"ढीग साचतो हे खरं आहे," आत्या म्हणाली. "पोरीनं तेवढं बरोबर बघितलं. पण तो का साचतो हे तिनं शोधलंच नाही, माझ्यावर ठेवून मोकळी झाली. मलाही माहीत नाही. मी टेबलाशी बसते, माल माझ्यापर्यंत येतो तेव्हा मला दिसतो. कदाचित तुझ्या तारखांमुळे साचत असेल, कदाचित याच्या पुठ्ठ्यांमुळे. कदाचित माझ्यामुळेच. पण चुकीच्या मापावर मी माझं टेबल बंद होऊ देणार नाही, आणि तिलाही अर्धवट घरी घेणार नाही."

"म्हणजे तू रागावलीस तर," काका म्हणाले.

"हो, रागावले. कुणी विचारलं तर तसंच सांगा. म्हातारीनं सही केली नाही, पोरीचा इलाज नव्हता. चालेल?"

चालेल असं कुणी म्हणालं नाही, पण काकांनी अहवालातली चिंधी काढून खिशात घातली, आणि त्या घरात सभा संपल्याची तीच खूण होती. काकू चहा टाकायला वर गेल्या. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, मी आधीपासूनच म्हणत होते, पोरीला शिक्षण पुरं करू द्या.

आत्या चिमीचं सामान बॅगेत भरू लागली. बिल्ले तिनं परत घातले नाहीत. लिफाफा आणि मूळ अहवाल घातला. चेन तीनदा लावून काढली. मग खिळ्यावरचं लाल रीळ काढून मुठीला दोरा बांधला, दुहेरी गाठ मारून.

"मॅडमकडे सत्र पुरं कर, आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन बस माझ्याशेजारी," ती म्हणाली. "पण या वेळी ऐक."

चिमीनं वाकून तिला नमस्कार केला. आत्यानं तिच्या गालावरच्या वळावरून अंगठा फिरवला, शिवण तपासते तसा.

पाचच्या बसला बाबांनीच तिला सोडलं. थांब्यावर पोचल्यावर त्यांनी बॅग तिच्या खांद्यावर अडकवली, तेव्हा त्यांना लाल दोरा दिसला. सगळं आयुष्य कारखान्यात गेलेलं. सवयीनं हात खिशातल्या छोट्या कात्रीकडे गेला. मग तो तसाच परत आला.

"मीच कापायचा असतो ना?" चिमी म्हणाली.

"हो. तूच."

थांब्याच्या कोपऱ्यावर बॅगांचं दुकान होतं. दुकानदार बाहेर उभा होता, त्याच्याही घरी निळ्या कव्हराची प्रत पोचलेली होती. त्यानं लांबूनच हात केला. "काय, आलं का पाखरू घरट्यात? कधीपासून बसतेय कारखान्यात?"

बाबांनी तोंड उघडलं. तारीख त्यांच्या जिभेवर आली होती, चिमीनं ती येताना पाहिली, तीस वर्षं सगळ्यांना दिली तशी, गोड आणि खोटी. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या दोऱ्याकडे.

"तिला विचारून सांगतो," ते म्हणाले.